लढवय्या बाप आणि बोरू धरणारा मुलगा : एकांकिकेत नातं बदलताना दिसायचं कसं?

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : युवा महोत्सवासाठी ३० मिनिटांची एकांकिका बसवली आहे. काळ पेशवाईचा, गाव भीमेकाठी माचणूरच्या जवळपासचं. सुभानराव हा ४० घोडी बाळगणारा शिलेदार. मुलगा रायाजी तलवारीला भितो, बासरी वाजवतो आणि मोडी सुंदर लिहितो. बाप तीन प्रवेश त्याला हिणवतो. चौथ्या प्रवेशात वाड्यावर हल्ला होतो, रायाजी तलवार उचलून चौघांना लोळवतो, बाप मिठी मारतो, पडदा. पाहायला बोलावलेल्या परीक्षकांनी ऐकवलं, "लढाई छान, पण बाप-लेकाचं नातं बदललेलं दिसलं नाही." हे असं का, आणि दुरुस्त कसं करायचं?

परीक्षकांचं बरोबर आहे. तुमच्या संहितेत बदलतो तो मुलगा. पहिल्या मिनिटाला बापाची अट होती, 'तलवार उचल, मग तू माझा'. एकोणतिसाव्या मिनिटाला मुलगा ती अट पुरी करतो आणि बक्षीस म्हणून मिठी मिळते. बाप होता तिथेच उभा आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या हाणामारीला.

दुरुस्तीच्या आधी एक तपासणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. संहितेची प्रत घ्या आणि बापानं मुलाला विचारलेला प्रत्येक प्रश्न अधोरेखित करा. मग त्यातले रागावण्याचे प्रश्न खोडा. 'लाज वाटत नाही का?', 'हेच शिकवलं का तुला?', 'बांगड्या भरल्यास काय?' ही वाक्यं प्रश्नचिन्हाची असली तरी बापाला त्यांचं उत्तर नकोय. उरलेले प्रश्न मोजा. तुमच्या संहितेत एकही उरत नाही. बाप तीस मिनिटं मुलाशी बोलतो आणि त्याला ठाऊक नसलेली एकही गोष्ट मुलाला विचारत नाही. नातं बदलायला हवं ते इथं. ज्या क्षणी सुभानराव खरोखर माहीत नसलेली गोष्ट रायाजीला विचारेल आणि उत्तराची वाट पाहील, तो तुमच्या एकांकिकेचा शेवट. बाकीची सगळी बांधणी त्या एका प्रश्नाकडे जायला हवी.

आता बाप असा प्रश्न कधी विचारेल? प्रेमानं तर नाहीच. गरज पडली की विचारेल. म्हणून मुलाचं कसब बापाच्या धंद्याला लागणारं हवं. बासरी काढून टाका. बासरीवाल्या मुलाकडून शिलेदाराला काहीही नको असतं, त्यामुळे बाप एक तर त्याला सहन करील किंवा एकदम पाघळेल, आणि दोन्ही खोटं वाटेल. मोडी तुम्ही आधीच दिली आहे. तिच्या जोडीला हिशेब द्या. घोडदळ चालतं ते वैरणीवर आणि चंदीवर, म्हणजे दाण्याच्या खुराकावर; सुभानरावला हे कळतं, पण त्याच्या लेखी ते नोकराचं काम आहे. रायाजीला मात्र तेच दिसतं.

आकडे हातात असले की संवाद आपोआप सुचतात, म्हणून ते आधी मांडून घ्या. भीमथडीचा घोडा अंगानं लहान आणि काटक. त्याला दिवसाला ५ किलो कडबा, दीड किलो हरभऱ्याची चंदी आणि २५ लिटरच्या आसपास पाणी धरा. उन्हाळ्यात आणि कामावर पाणी वाढतं. ४० घोड्यांना झाला २०० किलो कडबा. पेंढी दोन किलोची धरली तर १०० पेंढ्या. म्हणजे रोज बरोबर एक शेकडा. कडबा आजही आपल्याकडे शेकड्यावर विकला जातो, त्यामुळे मंगळवेढ्या-मोहोळकडचा प्रेक्षक हा हिशेब तुमच्या आधी करून बसेल. 'रोजचा एक शेकडा' एवढं एकदा ऐकलं की पुढं गंजीकडे नुसतं पाहिलं तरी त्याला दिवस मोजता येतात. चंदीचे आकडे मंचावर बोलू नका. मणाची मापं ठिकठिकाणी वेगळी होती, तिथं चूक काढणारा कोणीतरी निघतोच.

बापाच्या रागालाही पाया द्या. सध्या तो 'मर्दासारखा मर्द हो' एवढ्यावर चिडतो, आणि ते दुसऱ्या मिनिटाला शिळं होतं. शिलेदार म्हणजे घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. बारगीराला घोडा दुसऱ्याचा असतो. शिलेदाराचं घोडं मेलं की भांडवल मेलं. सुभानरावच्या घोड्यांवर बसणारे बारगीर, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, नाल ठोकणारा नालबंद, सगळ्यांच्या चुली त्या पागेवर पेटतात. वारस घोड्यावर बसणार नसेल तर पथक फुटणार, माणसं दुसऱ्या सरदाराकडे जाणार. त्याला भीती आहे ती याची. ती एकदाच आणि मुलाच्या माघारी बोलून दाखवू द्या. तो नालबंदाला म्हणू शकतो, "माझ्यामागं ह्या घोड्यांवर कोण बसणार?" त्यानंतरचा प्रत्येक संताप प्रेक्षकाला कळेल.

काळाची मांडणीही बदला. तुमचे चारही प्रवेश एका आठवड्यात घडतात. एका आठवड्यात बाप बदलत नसतो. त्या काळचं वर्षच तुम्हाला आयती रचना देतं : दसऱ्याला सीमोल्लंघन, मग आठ महिने मोहीम, पावसाच्या तोंडाला परत, चार महिने घरी. म्हणजे हा बाप स्वतःच्या घरात पाहुणा आहे. वाडा चालवते बायको, आणि मुलगा मोठा झाल्यावर तोही. सुभानराव घरी येतो तेव्हा त्याला काम नसतं. तो हत्यारं पुसतो आणि मुलाला घडवायला घेतो. म्हणून प्रवेश तीनच ठेवा. पहिला, रायाजी १३ वर्षांचा, पावसाळा. दुसरा, तो १७ वर्षांचा, आषाढ लागतोय. तिसरा, त्याच वर्षीचा आश्विन, दसऱ्याला आठ दिवस आहेत.

पहिल्या प्रवेशात एकच धडा. पवित्रा. बाप लाकडी तलवार देतो आणि पाय कसा टाकायचा ते दाखवतो. पहिल्यांदा चुकल्यावर तोंडानं सांगतो. दुसऱ्यांदा पायानं मुलाचा पाय सरकवतो. तिसऱ्यांदा काही बोलत नाही, लाकूड काढून घेतो आणि खुंटीला लावतो. सध्या तुमचा सुभानराव इथं चार मिनिटं ओरडतो. ओरडणारा बाप अजून आशा धरून असतो. गप्प झालेला बाप मुलाला जास्त लागतो. शिवाय नट आत्ताच टिपेला गेला तर पुढं त्याला चढायला जागा राहत नाही. महाविद्यालयीन एकांकिका पडतात त्यातल्या पुष्कळशा याच कारणानं पडतात.

दुसरा प्रवेश मधला आणि सगळ्यात महत्त्वाचा. पाऊस लांबलाय. सुभानराव ओसरीवर तलवारीला तेल लावतोय, रायाजी वही घेऊन येतो. असं काहीतरी :

रायाजी : आबा, गंज साठ शेकड्यांची राहिली.
सुभानराव : बरं.
रायाजी : रोजचा शेकडा जातो.
सुभानराव : पंधरा दिवसांत गवत येईल.
रायाजी : आपल्याकडं पाऊस भाद्रपदात. तोवर गंज पुरत नाही. रोज साठ पेंढ्या घातल्या तर शंभर दिवस जातील. आणि सहा म्हातारी घोडी आत्ताच विकली तर...
सुभानराव : (हात न थांबवता) पागेतलं घोडं मी विकायला काढलं, हे बाजारात कोण सांगणार? तू?

बाप इथं मूर्ख नाही, हे नीट सांभाळा. त्याचा अर्धा जन्म माळव्यात आणि कोकणच्या वाटेवर गेलाय, कितीतरी पावसाळेही घरी न येता तिकडच्याच छावणीत. ज्येष्ठ-आषाढात गवत उगवतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. सोलापूरचा पाऊस वेगळा. वर्षाची सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातली आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. हे बापापेक्षा मुलाला जास्त ठाऊक आहे, कारण मुलगा इथं राहतो. दोघंही आपापल्या अनुभवाला धरून बोलतायत. असं भांडण पाहायला मजा येते. शिवाय शेवटचा टोला बापाचाच राहू द्या. रायाजी हरतो आणि वही मिटून आत जातो.

दोन प्रवेशांच्या मध्ये नऊ घोडी मरतात. ती मरताना दाखवू नका आणि त्याचं निवेदनही नको. तिसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला नालबंद खुंट्या उपटताना दिसला की पुरे. अगाडी-पिछाडीचे दोर गुंडाळून ठेवतोय, मोजून नऊ. कशानं मेली हे एका ओळीत येऊ द्या : कडबा संपल्यावर गंजीच्या तळाचा भिजून बुरसलेला खाऊ घातला, शूळ उठला. घोड्याला ओकता येत नाही. वाईट वैरण पोटात गेली की त्याचं पोट फुगतं आणि तो लोळून मरतो. पागेतल्या माणसाला हे माहीत असतं, म्हणून नालबंदानं ते साध्या सुरात सांगावं.

रायाजीनं मात्र 'मी सांगितलं होतं' हे वाक्य म्हणायचं नाही. तुमचा लेखक ते लिहिणार, मला खात्री आहे. लिहिलं की खोडा. ते न म्हटल्यामुळेच बापाला मुलाच्या तोंडाकडे पाहता येत नाही.

तिसरा प्रवेश गणतीचा. हुजुरातीतून, म्हणजे पेशव्यांच्या खाशा फौजेतून, कारकून आलाय, घोडी मोजून चेहरेपट्टी ताडणार : रंग, खूण, वय. ४० घोड्यांची नेमणूक, पागेत ३१. शेजारच्या गावच्या शिलेदाराकडून नऊ घोडी रात्रीतून उसनी आणलीत. गणतीला उसनी घोडी उभी करणं ही त्या काळात सगळ्याच फौजांना ठाऊक असलेली लबाडी. चेहरेपट्टीची वही रायाजीच्या हातची आहे. बाप सांगतो, नऊ नवी नावं लिही. रायाजी बोरू खाली ठेवतो.

इथं तुम्हाला भाषण लिहायचा मोह होईल. सत्य, इमान वगैरे. नको. रायाजीचं कारण व्यवहाराचं ठेवा : उसन्या घोड्यांत एक चारी पाय पांढरे असलेली कुम्मैत (तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आहे, आणि हाच कारकून परवा त्या शेजारच्या गावची गणती करून आलाय. ती त्यानं कालपरवा मोजलीय. तो ओळखणार. नऊ घोड्यांचा पैसा वाचवायला जाऊन सगळा सरंजाम, म्हणजे पथकाच्या खर्चासाठी मिळालेलं उत्पन्न, जाईल. सतरा वर्षांचं पोर हे तीन वाक्यांत सांगतं. त्याला हे कळलं कारण तो घोड्यांच्या खुणा लक्षात ठेवतो. बापाला घोडी चालीवरून कळतात, मुलाला वहीवरून. सुभानराव बराच वेळ गप्प राहतो, उठतो, बाहेर जातो. बाहेरून त्याचा आवाज : "एकतीस. नऊ मेली." पैसे कापले जाणार, मान खाली जाणार, तरी हे वाक्य तो स्वतः म्हणतो. लढवय्या माणसाचं धैर्य अशा जागी दिसलं पाहिजे.

मग तो आत येतो. बसतो. आणि विचारतो, "पुढल्या साली किती भरायचा?" रायाजी लगेच उत्तर देत नाही, वही उघडतो. तिथं अंधार.

मिठी नाही, तलवार सुपूर्द करणं नाही, शिक्का मुलाच्या हाती देणं नाही. वस्तू हातात ठेवून नातं दाखवायची सवय ऐतिहासिक नाटकांना जडली आहे, आणि दरवेळी प्रेक्षक ती वस्तू पाच मिनिटं आधी ओळखतो. रायाजी शेवटपर्यंत तलवारीत कच्चाच राहू द्या. तो घोड्यापासून दोन हात लांब उभा राहतो, हेही शेवटपर्यंत तसंच. तो बदलला की तुम्ही पुन्हा जुन्या खड्ड्यात.

कौतुकाबद्दल एक गोष्ट. आपल्याकडचे बाप पोरांचं कौतुक तोंडावर करत नाहीत. दुसऱ्याजवळ करतात आणि तेही तक्रारीच्या सुरात. सुभानरावनं शेवटच्या प्रवेशात नालबंदाला म्हणावं, "ते पोर रात्री दिवा जाळतं. तेलाचा खर्च बघ जरा." आणि नालबंदानं हसावं. रायाजीनं ते ऐकलं की नाही ते कळू देऊ नका.

हाक आणि सर्वनाम पाहा. मुलगा बापाला 'आबा' आणि 'तुम्ही'; बाप मुलाला 'तू'. तुमच्या संहितेत बाप रागावला की 'तुम्ही' म्हणतो ('या, कारकून, बसा तुम्ही!'), तो टोमणा चांगला आहे, ठेवा, पण एकदाच आणि पहिल्या अर्ध्यात. शेवटच्या प्रश्नात 'तू'च असू द्या. तिथं सन्मानानं 'तुम्ही' घातलंत तर टोमण्याची आठवण होऊन लोक हसतील.

आईला सध्या फक्त रडायचं काम आहे. तिला दोन मिनिटं द्या, पण कामाची. आठ महिने वाडा ती चालवते, वही कुणी सुरू केली हे तिलाच ठाऊक. नवऱ्याला ती एवढंच म्हणेल, "मोहिमेवरनं तुमची पत्रं यायची, ती वाचत कोण होतं वाटलं?" सुभानरावला लिहिता-वाचता येत नाही असं ठरवा, मग हे वाक्य त्याला जिथं लागायचं तिथं लागतं, कारण गेली चार वर्षं त्याचा घरातला प्रत्येक शब्द मुलाच्या तोंडून गेलाय.

इतिहासातून उदाहरण हवं असेल तर बाजीराव आणि नानासाहेबांकडे बघा, मात्र एकांकिका त्यांच्यावर लिहू नका. प्रेक्षक डोक्यात सिनेमा घेऊन बसतो. शिकण्यासारखं असं : बाजीरावांना १७२० मध्ये पेशवाई मिळाली, नानासाहेबांचा जन्मही त्याच वर्षातला. बापाची पुढली वीस वर्षं मोहिमांत गेली, आणि विजयांबरोबर कर्जही वाढत गेलं. सावकारांच्या तगाद्याचं गाऱ्हाणं बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत आहे. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला बाजीराव वारले आणि १९ वर्षांच्या नानासाहेबांच्या वाट्याला पदासोबत ते देणंही आलं. त्यांचा खरा हातखंडा वसूल, हिशेब आणि लेखणीत. पुण्याला कात्रजहून नळानं पाणी आलं ते त्यांच्या काळात. नानासाहेब मोहिमांवर गेलेच नाहीत असं मात्र लिहू नका, गेले होते. आणि १७४० च्या आरंभी बाप निजामाच्या मुलावरच्या, नासिरजंगावरच्या, मोहिमेत असताना पुण्यात मस्तानीला कैदेत ठेवलं गेलं, त्यात चिमाजीआप्पांसोबत हा मुलगाही होता. तलवारीचा नसलेला मुलगा म्हणजे मऊ मुलगा, हे गणित तिथंच मोडतं. रायाजीलाही थोडा कडवटपणा द्या. पोरगं हिशेबात गर्विष्ठ असू द्या, नालबंदाला तुच्छतेनं बोलू द्या. सोशिक पुतळा कुणाला आवडत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या विद्यापीठाच्या, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या, नावातच आहे. मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्यानंतर म्हाताऱ्या सुभेदारानं, म्हणजे मल्हाररावांनी, दौलतीची कामं सून अहिल्याबाईंवर सोपवली. तोफखाना आणि दारूगोळ्याच्या तयारीबद्दल अहिल्याबाईंना केलेल्या सूचना त्यांच्या पत्रांत आहेत. कसलेला लढवय्या विश्वास टाकतो तो कामावरून, हे तिथं दिसतं.

आता मंचावरच्या गोष्टी. तुमची तलवार लाकडी आणि चंदेरी रंगाची आहे. ती हातात काठीसारखी फिरते. हाणामारी गेली, त्यामुळे तलवार आता फक्त पुसायची आहे, आणि पुसताना जवळून दिसते. ३ मिलिमीटर जाडीची, ३ सेंटिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, कडा कानशीनं गोल करा, मूठ लोखंडाची बसवा. पातं हलकं आणि वजन मुठीत, एकूण पाऊण किलोच्या आसपास. मनगट खाली जातं आणि नटाचा हात आपोआप खरा दिसतो. मुठीचा आकार बघायला अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार आहे. सोलापुरापासून चाळीसेक किलोमीटर. वेळ विचारून जा, वही घेऊन जा.

रायाजीचा कागद चहात बुडवून पिवळा केलाय तो फेकून द्या. आपण पाहतो ते जुने कागद आज पिवळे आहेत. रायाजीच्या हातात ते नवे होते. फिकट, जाडसर, हातकागद वापरा. आणि मोडी लिहिताना आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची, मग तिला अक्षरं लोंबकळत, हात शक्य तितका न उचलता. नट देवनागरीसारखं एकेक अक्षर लिहून वर रेघ मारतोय. तिसऱ्या रांगेतून कळतं. शाई वाळवायला वर बारीक वाळू भुरभुरायची आणि झटकायची. बोरू खाली ठेवण्याच्या क्षणी हीच वाळूची डबी नटाच्या हाताला काम देईल.

नेपथ्य एकच : कडब्याची गंज. पहिल्या प्रवेशात २४ पेंढ्या, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात ४. प्रेक्षकाला कुणी काही सांगायला नको. अडचणी तीन. पहिली, आग. वाळलेला कडबा आणि तापलेले दिवे यांत किमान दोन मीटर अंतर ठेवा, नाट्यगृहाची परवानगी आधी लेखी घ्या, विंगेत पाण्याच्या दोन बादल्या आणि अग्निशामक नळकांडं ठेवा. दुसरी, धूळ. पेंढ्या बाहेर आपटून झाडल्या नाहीत तर पाचव्या मिनिटाला सुभानराव खोकणार. पाला ओरबाडून नुसती ताटं ठेवली तर त्रास कमी. तिसरी, आवाज. कडब्यावर पाऊल पडलं की संवाद बुडतो, म्हणून चालण्याची वाट आधी झाडून आखून घ्या. घोडी मंचावर नाहीतच, त्यांचा टापांचा आवाजही टाळा. घोड्याला खरारा करण्याचा आवाज आणि चंदी खायची रिकामी पिशवी, म्हणजे तोबरा, खुंटीला, एवढं चालतं.

काळाचे घोटाळे दोन-तीन सापडले. न्याहारीत शेंगाचटणी आहे. भुईमूग आपल्या भागात भरपूर पिकू लागला तो पेशवाईनंतर. जवसाची किंवा कारळ्याची चटणी करा. सुभानराव झोपताना सोलापुरी चादर पांघरतो, ती नक्षीची चादर विसाव्या शतकातली, घोंगडं द्या. आणि रायाजी 'मालदांडीचा कडबा' म्हणतो. मालदांडी ३५-१ हा निवडून काढलेला वाण, तोही विसाव्या शतकातला. नुसतं 'शाळूचा कडबा' म्हणा.

वेळेची वाटणी : पहिला प्रवेश ६ मिनिटं, दुसरा ९, तिसरा ११, मधले दोन अंधार मिळून २. झाली २८. दोन मिनिटं हातची ठेवा. तालमीत २८ ला बसलेली एकांकिका प्रेक्षकांसमोर हशा-टाळ्यांत २९ च्या पुढं जातेच, आणि ३० ओलांडली तर गुण कापले जाऊ शकतात. नियमपत्रिकेत नेपथ्य लावण्याचा वेळ वेगळा धरलाय का तेही पाहा, पेंढ्या रचायला चार माणसं लागतील. तालमी दुसऱ्या प्रवेशापासून सुरू करा. पहिला बसवायला सोपा, म्हणून सगळे तिथंच आठवडा घालवतात आणि गणतीचा प्रवेश रंगीत तालमीपर्यंत कच्चा राहतो. हल्ल्याचा प्रवेश आणि मिठी काढल्यावर तुमची सहा-सात मिनिटं सुटतात. त्यातली निदान दीड मिनिट रायाजी बोरू खाली ठेवतो आणि सुभानराव बाहेर जातो, या दोन्हींच्या मधल्या शांततेला द्या. तिथं पार्श्वसंगीत वाजवू नका.